चार चाकांची सवत

"थांब, उतरू नकोस. अजून बोलतेय ती."

बाबांचा हा आवाज माझ्या कानात घर करून राहिलाय. दारात गाडी उभी करून ते किल्ली फिरवायचे. इंजिन गप्प व्हायचं, पण बॉनेटखालचं तापलेलं लोखंड निवताना टिक् टिक् करत राहायचं. ते थांबेपर्यंत कुणी दार उघडायचं नाही, असा आमच्याकडे नियमच होता. मग बाबा शेजारी बसलेल्या आईकडे वळायचे.

"कशी वाटली आज?"

"सवतच ती. सवत कशी वाटायची?" असं म्हणून आई उतरायची आणि मागे न बघता चालू लागायची.

गाडी इटलीची. लांबलचक, चार दारांची, गडद निळी. आत मधाच्या रंगाचं चामडं आणि समोर खऱ्या लाकडाची पट्टी. त्याच कंपनीच्या बुटक्या, दोन दारांच्या गाड्यांची चित्रं लोक भिंतीवर लावत. हिचं कुणी लावलं नाही. मुळात बनल्याच थोड्या, आणि त्या थोड्याही कुणाला नकोशा झाल्या. बाबांना ती एका शेडमध्ये धूळ खात उभी दिसली आणि त्यांचा जीव तिच्यात अडकला तो अडकलाच.

मत द्यायला जिभेला हाड थोडंच असतं? मामा म्हणाला, "हे तर आडवं पाडलेलं कपाट." शेजारचे काका म्हणाले, "सगळं रूप बहिणींनी नेलं, हिच्या वाट्याला नुसती लांबी." आमचे मेकॅनिक, त्यांना सगळे वस्तादच म्हणत, कपाळाला हात लावायचे. "साहेब, राणी आहे हो, पण राणीला दर आठवड्याला ताप येतो." दादा तिला पांढरा हत्ती म्हणायचा, निळी असून. बाबा सगळ्यांचं हसून ऐकून घ्यायचे, पण वाट बघायचे ती एकट्या आईच्या मताची.

आणि आई? बाबा गाडी धुवायला बसले की स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं गुणगुणायची:

सवत आणली मला, चार चाकांची देखणी
तिचं न्हाणं रोज रोज, माझी राहिली वेणीफणी

बाबा बादलीतलं पाणी ओंजळीनं खिडकीवर उडवायचे. आतून लटकी ओरड यायची.

अगदी शेवटी, अंथरुणाला खिळल्यावरही त्यांनी विचारलं, "अगं, आता तरी सांग. कशी आहे ती?" आईनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "आधी बरे व्हा. मग सांगते."

ते बरे झाले नाहीत.

घर सोडायचं ठरलं. आई दादाकडे जाणार होती आणि तिथे गाडीला जागा नव्हती. डोक्यावर काळा चष्मा चढवून एक माणूस गाडी बघायला आला. आम्ही लगेच त्याचं नाव गॉगलवाला पाडलं. त्याच्याकडे त्याच कंपनीची दोन दारांची लाडकी गाडी होती. तिचं इंजिन गेलं होतं, आणि आमच्या गाडीचं इंजिन तिला बसत होतं.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बाकीची भंगारात, ताई. हिला कोण विचारतं?"

गाडी आता आईच्या नावावर होती. तिनं एकदा नाही म्हटलं असतं तर बाबांची गाडी वाचली असती. मी तिला बाजूला घेतलं. "आई, नको म्हण ना. मी ठेवते कुठेतरी."

"तुझ्या दोन खोल्यांत? पलंगाखाली?"

"आणि सवत गेल्याचं दुःख कुणाला असतं गं?" दादा हसला. आई हसली नाही.

गॉगलवाल्यानं नवी बॅटरी जोडली आणि खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इतके महिने मुकी असलेली ती गाडी खोल घशातून बोलू लागली. रिकाम्या स्वयंपाकघराची काच थरथरली. इंजिन चांगलं तापेपर्यंत त्यानं कान देऊन ऐकलं, मग गाडी बंद केली. "झकास! इंजिनाला तोड नाही." आणि बॉनेटकडे हात नेला.

"थांबा," आई म्हणाली. "अजून बोलतेय ती."

तिनं दार उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसली. टिक्. टिक्. टिकटिक विरळ होत गेली. आता थांबली म्हणावं तर पुन्हा एक टिक्, आणि मग काहीच नाही.

"न्या आता," आई म्हणाली. पण उतरली नाही.

मी खिडकीशी वाकले. बाबांचंच वाक्य तोंडातून गेलं. "कशी वाटली आज?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती स्टिअरिंगमागच्या रिकाम्या जागेकडे वळली.

"छान आहे हो. पहिल्या दिवशी माझ्यासाठी दार उघडून धरलंत ना, तेव्हाच मनात भरली होती." तिनं लाकडाच्या पट्टीवर हात फिरवला. "घर कुठे घ्यायचं, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं, कशात म्हणून माझं मत घेतलं नाहीत कधी. हिच्याबद्दल तेवढं विचारायचात. रोज विचारायचात. सांगून टाकलं असतं, तर विचारायचं थांबला असतात."