आल्दिसच्या पायऱ्या

स्टेनारने खिडकीच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली आणि समोर पाहिलं. गल्लीत गुडघाभर बर्फ होता, पण आल्दिसच्या पायऱ्या स्वच्छ होत्या. त्याने निवांत कॉफीचा घोट घेतला.

आल्दिस त्याची थोरली बहीण. राहायची समोर, पण बोलणं बंद होतं. आईवडिलांच्या कुरणातला कोमट झरा गावाला द्यायची सही त्याने तिला न विचारता केली, तेव्हापासून. तिथे खोल बोअर मारली. त्या पाण्यातली ऊब हीट पंपाने वाढवून नळांतून घराघरांत जाऊ लागली. खोल्या तापवून उरलेलं गरम पाणी पायऱ्यांखालून, वरचा बर्फ वितळवत, परत फिरायचं. “मेले तरी ते पाणी घरात घेणार नाही,” असं आल्दिस म्हणाली होती. पुढे गुडघे गेले, शेगडीच्या तेलाचे डबे उचलवेनात, तेव्हा तिनेही मुकाट्याने जोडणी घेतली.

राग निवळला असावा, असं स्टेनारला वाटलं. पण ती मोठी. आधी तिने बोलावं. पूर्वी तो रोज सकाळी तिच्या धुराड्याकडे पाहायचा. आता पायऱ्यांकडे.

दार वाजलं. पंपघरातली ब्रिन्या बूट आपटत आत आली.

“आजोबा, उद्या पंप दुरुस्तीला उघडायचाय. घरोघरचे व्हॉल्व्ह बघतेय. समोरच्या आजी काही दार उघडेनात. परवाही येऊन गेले.”

“कशी उघडेल? तुमचं तोंड बघायचं नसेल तिला. ताठा काय कमी आहे का!”

“तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?”

“पाहायला कशाला हवं? पायऱ्या बघ की. बर्फाचा कण नाही.”

ब्रिन्याने टोपी काढून हातात घेतली.

“आजोबा, ते पाणी आपलं आपण फिरतं. घरात कुणी असो, नसो.”

“शेगडी तर ती स्वतः पेटवायची,” तो म्हणाला. मग कॉफी तशीच टाकून, घरातल्या सपातांनिशी बाहेर पडला.

किल्ली आई ठेवायची तशीच चौकटीवर होती. दार उघडताच ब्रिन्याने नाकाला मफलर लावला. खोली छान उबदार होती.

आल्दिस खुर्चीत होती, मांडीवर अर्धं विणलेलं काहीतरी. बरेच दिवस झाले असावेत. खुर्ची खिडकीला लागून होती. तिथून स्टेनारच्या पायऱ्या समोरच दिसत होत्या.

ब्रिन्याने खिडकी सताड उघडली आणि फोन करायला ती बाहेर गेली.

“मीच बोलतो आधी,” स्टेनार म्हणाला. तो कसाबसा वाकला आणि भिंतीलगतचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी घट्ट बंद केला.

तिला नेल्यावर दुपारी पुन्हा बर्फ सुरू झाला. स्टेनार आपल्या खिडकीत उभा होता. सुरुवातीला तिच्या पायऱ्यांवर काही टिकेना. अंधार पडता पडता टिकू लागला.