पाठीवरची खुंटी

खुंटीची जाडी दोन पूर्णांक अठ्ठ्याण्णव मिलिमीटर भरली. महिपतने व्हर्नियरचे जबडे फडक्याने पुसले, शून्य जुळतंय का ते पाहिलं आणि पुन्हा मोजलं. तेवढीच. मग त्याने चार वर्षांपूर्वीची वही काढली. पिवळा ट्रक, पाठीवरची खुंटी, २.९८. म्हणजे खुंटी केसभरही झिजली नव्हती. तरी ती खोबणीत बसल्याचं त्याच्या करंगळीला कळत नव्हतं.

खेळण्यातल्या त्या ट्रकचा रोबो-माणूस करायचा तर बारा वळणं लागत. अकराव्याला हात बाहेर येत, आणि बाराव्याला छाती पुढे ढकलून पाठीमागून करंगळीने दाबलं की खुंटी खोबणीत बसे. बसताना एक बारीक टक् होई. तो कानाला ऐकू येत नसे, फक्त बोटाला समजे. दोन एप्रिलला तो पहिल्यांदा समजला नाही. महिपतने तसं वहीत लिहून ठेवलं: "खोबण सैल झाली असावी."

सैल सांध्यावर नखपॉलिशचा पातळ थर चढवला की सांधा घट्ट होतो, हे त्याचं त्यानेच शोधलेलं औषध होतं. तो मुरबाडच्या बाजारपेठेत लहानीबाईंच्या बांगड्यांच्या दुकानात गेला.

"बिनरंगाची दे."

"बिनरंगाची?" लहानीबाई म्हणाल्या. "मग लावून दाखवशील काय, नि बायको बघल काय?"

"बायकोला नाय. माणसांना लावायचीय."

"गेल्या वेळी पन हेच बोल्लास. तुझी मानसं आमच्या गिऱ्हाइकांपेक्षा नटवी हायत रे."

त्याने सात खेळण्यांच्या खुंट्यांना थर दिला, दोन दिवस वाळवला. जाडी तीन पूर्णांक शून्य सहा झाली. आता टक् जोरात यायला हवा होता. तो आला नाही म्हणून त्याने आणखी दाबलं, आणि पहिल्या ट्रकची खोबण उभी चिरली. दुसऱ्याची चिरली. दोष खेळण्यात नाही, हे तिसऱ्याला त्याला कळलं होतं. तरी त्याने उरलेले चार केले.

महिपत मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तयार सुट्या भागांची मापं तपासायचा. वय छत्तीस. गाव मुरबाडपासून जीपने वीस मिनिटांवर. पहिला रोबो त्याने म्हशाच्या जत्रेत घेतला होता, तोही पंचविसाव्या वर्षी, भाच्याला द्यायचा म्हणून. घरी येईपर्यंत त्याने तो सतरा वेळा मोटारीचा माणूस आणि माणसाची मोटार केला, आणि भाच्याला शिट्टी दिली. एकाच वस्तूत दोन वस्तू असाव्यात, एकही तुकडा वर उरू नये, बाहेरून काही जोडू नये, हे त्याला फार नीटनेटकं वाटलं. तेव्हापासून अकरा वर्षांत चौसष्ट जमले. काचेच्या कपाटात ते ओळीने उभे असत. त्याची बायको अक्षदा पाहुण्यांना सांगे, "घरात चौसष्ट पुरुष हायत, पन पान्याचा हंडा उचलाया एक नाय." सांगताना ती हसे, आणि कपाटाची काच मात्र रोज स्वतः पुसे.

त्याचं हे वेड समजणारा एकच होता, तोही पलीकडच्या तालुक्यातला. साईनाथ शहापूरजवळ हायवेला प्लास्टिक भंगाराच्या गोदामात मुकादम होता. परदेशातून येणाऱ्या गठ्ठ्यांत बादल्या, खुर्च्या, बाटल्या आणि कधी कधी मोडकी खेळणी असत. चुऱ्याच्या यंत्रात जाण्याआधी साईनाथ ती वेचून काढी. महिन्याच्या एका रविवारी तो किन्हवलीवरून एसटी बदलत महिपतकडे येई. एका खोक्याच्या मागच्या चित्रात आठ रोबो होते. त्यांतले सात दोघांनी मिळून जमवले होते. आठवा, पांढरा डंपर, नऊ वर्षं मिळत नव्हता.

नवीन रोबो हाती आला की दोघं आंधळा डाव खेळत. एकदा उघड्या डोळ्यांनी बदलून बघायचा, मग डोळ्यांना टॉवेल बांधून बदलायचा. समोरच्याने मोठ्याने आकडे मोजायचे. ज्याचे आकडे कमी, त्याच्याकडे तो रोबो पहिला महिना राहायचा. महिपत कधी हरला नव्हता. "तुझ्या बोटांना डोळे हायत," साईनाथ म्हणे.

मे महिन्यात महिपतला दुसरी गोष्ट दिसली. उन्हात उभा होता, सगळं अंग घामाने भिजलं होतं, आणि उजव्या कोपराखाली रुपयाएवढी जागा कोरडी होती. रंग जरा फिका. तिथली लव गेली होती. त्याने सुई तापवून गार केली आणि टोचून पाहिली. कडेच्या कातडीला कळलं, मधल्या जागेला नाही. मग करंगळीला टोचली. मग अनामिकेच्या बाहेरच्या बाजूला. वहीत त्याने हे लिहिलं नाही.

आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं: कुष्ठरोगाची खूण, फिकट, बधिर चट्टा. गोळ्या मोफत. रोग पूर्ण बरा होतो. खाली बारीक अक्षरांत, बधिरता सहा महिन्यांच्या आतली असेल तर संवेदना परत येऊ शकते. उशीर झाला तर बोटं वाकतात. ही ओळ त्याने जीपमधून जाता-येता इतक्या वेळा वाचली, की डोळे मिटले तरी निळी दिसे.

वाचणं त्याला जमत होतं. बोलणं जमत नव्हतं. त्याच्या लहानपणी याच रोगाचा चांगोआजा गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे गवताच्या झापात राहायचा. त्याचा थाळा वेगळा, पाण्याचं डबडं वेगळं. त्याची सून भाकरी दगडावर ठेवून दहा पावलं मागे सरायची, मग हाक मारायची. आजा मेला तेव्हा झाप तसाच पेटवला होता. महिपत त्या वेळी सात वर्षांचा होता आणि धुराच्या वासाने त्याला भूक लागली होती, याची त्याला अजून लाज वाटे.

मे महिन्यातच त्याच्या धाकट्या बहिणीचं, बाळीचं लग्न होतं. तोंड उघडलं असतं तर सोयरीक मोडली असती, म्हणून लग्न होऊ द्यायचं ठरवलं. लग्न झालं. मग लावणी आली. जुलैत उपकेंद्रातल्या संघरत्ना सिस्टर घरोघर तपासायला आल्या, हातात चट्ट्यांच्या चित्रांचं कार्ड होतं. महिपत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दारात उभा राहिला. "आमच्याकडं काय नाय, सिस्टर." त्यांनी नाव विचारून खूण केली आणि पुढच्या घरी गेल्या. त्यांची छत्री दिसेनाशी होईपर्यंत तो दारातच होता. मग गणपती आले. गणपतीत घरभर माणसं, तेव्हा कसं सांगायचं?

तो पडवीत निजू लागला. उकडतं म्हणाला. ताट स्वतः घासू लागला. रोबोंना हात लावल्यावर जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून पुसू लागला, आणि अक्षदाने काच पुसायला घेतली की तिच्या हातातलं फडकं काढून घेऊ लागला. एकदा ती म्हणाली, "तुमी मला कंटाळलाव का? कंटाळला असाल तर तसं बोला, पन अशी परक्यासारखी वागणूक नको." तो म्हणाला, "नाय गो." मग तिने फडकं खुंटाळ्याला अडकवलं आणि त्या दिवसापासून कपाटाकडे पाहायचं सोडलं.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. हळवं भात कापणीला आलं होतं. दोन एप्रिल ते दोन ऑक्टोबर, महिपत रोज मोजत असे तो हिशेब, सहा महिने आदल्याच दिवशी भरले होते. भिंतीवरची ओळ आता आपल्यासाठी राहिली नाही, असं त्याला सकाळपासून वाटत होतं. अंगात काही उरलं नव्हतं. कारखान्यात मापं तपासणारा माणूस स्वतःचं एक माप वेळेत सांगू शकला नाही.

अकराच्या सुमाराला साईनाथ आला. पिशवी पाठीमागे लपवून दारातच थांबला.

"वळख काय आणलाय."

"बादली."

"गप रे. नऊ वर्षं पाय झिजवले." त्याने पिशवीतून पांढरा डंपर काढला. एका बाजूचा आरसा तुटला होता, त्या जागी धारदार टोक राहिलं होतं. बाकी सगळा धड. "वहिनी, चहा टाका. आज आठवा घरात आला."

अक्षदा आतून म्हणाली, "मंग आता पासष्ट झाले. मोजून घ्या, कोन पळून नको जायाला."

महिपतने डंपर हातात घेतला. चौदा वळणं. शेवटचं तेच, पाठीमागून करंगळीने. त्याने डोळ्यांनी बघत बघत तो बदलला आणि समोर ठेवला. सुंदर होता. क्षणभर त्याला खरोखरच बरं वाटलं.

"आता डाव," साईनाथ म्हणाला. "पैला मी." त्याला एकेचाळीस आकडे लागले. मग त्याने टॉवेल महिपतच्या डोळ्यांवर बांधला.

नको म्हणता आलं असतं. पण अकरा वर्षांत त्याने कधी नको म्हटलं नव्हतं, आणि नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. साईनाथने मोजायला सुरुवात केली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आपापली कामं करत होती. बारावं वळण वीसला झालं. तेरावं चोविसाला. चौदाव्याला त्याने करंगळी पाठीमागे नेली आणि दाबली. काही नाही. करंगळी कुठे टेकली आहे हेच त्याला माहीत नव्हतं. जास्त दाबलं. तीस, एकतीस. आणखी जोर लावला. खोबण चिरू नये, एवढंच तो मनात म्हणत होता. अडतीस.

साईनाथचे आकडे थांबले.

"पुढं मोज की."

"महिपत, हात सोड."

"बसली का खुंटी?"

"हात सोड तू आधी."

टॉवेल काढल्यावर त्याने पाहिलं. पांढरा डंपर लाल झाला होता. तुटक्या आरशाचं टोक करंगळीत पेराच्या खाली आत घुसलं होतं आणि तो त्यावरच दाबत होता. रक्त मनगटावरून सतरंजीवर उतरलं होतं. अक्षदा चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"तुला दुखलं नाय?" साईनाथने विचारलं.

साईनाथने कपाटाकडे पाहिलं, सात चिरलेल्या पाठींकडे. मग महिपतच्या हाताकडे. करंगळी जराशी आत वळलेली होती. कळायला त्याला वेळ लागला नाही. भंगारात हात घालणाऱ्या माणसांत त्याने असे हात पाहिले होते.

"किती दिवस झाले?" त्याने हळू विचारलं.

"काल भरले."

"काय भरले?"

"काय नाय. उशीर झाला."

"उशीर झाला का नाय ते तू ठरवनार? मापं काढतोस म्हणून डॉक्टर झालास?" साईनाथने स्वतःचा रुमाल त्याच्या बोटाला घट्ट बांधला. हात मागे घ्यायला महिपतने ओढला, साईनाथने सोडला नाही. "वहिनी, टाके घालाया नेतो. आलोच."

अक्षदाने कप खाली ठेवले. "मी पन येते," ती म्हणाली, आणि विचारायला न थांबता चपला घातल्या.

उपकेंद्र पाच मिनिटांवर होतं. रविवार असला तरी सिस्टर मागच्याच खोलीत राहत, त्यांनी दार उघडलं. आत बाकावर बाईजा मावशी बसली होती, गुडघ्याच्या गोळ्या न्यायला आलेली. बाईजाला सांगितलेली गोष्ट दुपारच्या जेवणाआधी गावाच्या तिन्ही वाड्यांत पोचत असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय कापून घेतलास रे?" बाईजाने मान लांब केली.

"खेळन्यानं," साईनाथ म्हणाला.

"या वयात? बाई गो."

सिस्टरने रुमाल सोडला, कापसाला स्पिरिट लावलं आणि जखमेवर टेकवलं. "झोंबेल थोडं." झोंबलं नाही. महिपतने ओठ आवळून झोंबल्यासारखं केलं. सहा महिने तो हेच करत आला होता आणि आताही त्याला ते सहज जमलं. सिस्टर पट्टीचं टोक शोधत खाली पाहत होत्या. पट्टी बांधून झाली असती, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं असतं, तिघं घरी गेले असते.

त्याने अक्षदाकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, ती कापूस टेकलेल्या बोटाकडे पाहत होती, आणि ते बोट जागचं हललंही नव्हतं.

साईनाथ खाकरला. "मावशी, तुमी जरा बाहेर बसता का?"

"बसू दे तिला," महिपत म्हणाला. त्याने डाव्या हाताने उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर सरकवली. "सिस्टर, जुलैत मी तुमाला खोटं बोल्लो. मला चट्टा हाय. एप्रिलपासून या दोन बोटांना कळत नाय. अक्षदालाही तपासा, आणि माझ्या गोळ्या आजच चालू करा."