सातव्या चिमणीचा डोळा

मी पाळण्यावरची सातवी चिमणी बोलते आहे. मधली, इतरांपेक्षा बोटभर मोठी. बाकीच्या सहा जणी माझ्याभोवती गोल टांगलेल्या आहेत. सगळ्या मिळून आम्हाला चिमणाळे म्हणतात. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. पाळण्यावरची वस्तू हलते ती वाऱ्याने, नाहीतर कुणाच्या हाताने. तिसरे कारण मी मानत आले नाही.

चिमणी होण्याआधी मी कुंची होते. राणीसावरगावच्या सुलाबाईची दोन लेकरे पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा तिने जुनी रीत पाळली. सात घरी जाऊन सात चिंध्या मागून आणल्या, त्यांची कुंची शिवली आणि मुलीचे नाव कडू ठेवले. मागून आणलेल्या चिंध्यांतले, कडू नावाचे लेकरू मरणाला नकोसे वाटेल, अशी ती समजूत. तिच्या खरेखोटेपणाबद्दल माझ्याजवळ एवढाच पुरावा आहे, की बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडण्याच्या कामावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत कडू हगवणीने गेली. तिला आठवा महिना चालू होता. नववा लागला नाही. तेव्हा मी तिच्या डोक्यावर होते.

गेलेल्या लेकराचे कपडे घरात ठेवत नाहीत. सुलाबाईने लोकांदेखत एक झबले मातीत टाकले आणि मला कमरेला खोचून घरी आणले.

पुढच्या वर्षी जत्रा जवळ आली तशी तिने मला कात्री लावली. लावण्याआधी बराच वेळ हुंगले. माझ्यात अजून टाळूच्या तेलाचा वास होता. सात चिंध्यांच्या सात चिमण्या झाल्या. सहा जणींत तिने नुसता कापूस भरला. माझ्या पोटात कापसाच्या मधोमध कडूची मनगटी ठेवली: अकरा काळे मणी आणि एक बारीक घुंगरू.

सुलाबाई जत्रेत अशी चिमणाळी शिवून विके. त्या कामाची तिची एक रीत होती. मधल्या चिमणीला ती एकच डोळा घालून ठेवी. दुसरा डोळा गिऱ्हाइकासमोर. लेकराचे नाव विचारायचे, ते उच्चारत गाठ मारायची आणि दोरा दाताने तोडायचा. नाहीतर चिमणीने पाहायचे तरी कुणाकडे, असे ती म्हणे.

जत्रेत तिने आम्हाला पालाच्या मागच्या बांबूला टांगले होते. तरी सत्यशीलाची नजर नेमकी तिथेच गेली. ती पाथरीची शिक्षिका, सुट्टीत इकडच्या मैत्रिणीकडे आलेली. तिने माझी शिवण उलटसुलट करून तपासली. वेडावाकडा एकही टाका नव्हता.

"हे द्या, मावशी."

"ते इकायचं न्हाई, बाई. नुसतं मांडलंय."

"विकायचं नाही ते जत्रेत कशाला मांडलंत?"

शेजारी बांगड्या विकणारी बायनाबाई हसली. "दे की गं सुले. टांगून टांगून काय अंडी घालायलेत का ते?"

सुलाबाईने सत्यशीलाकडे नीट पाहिले आणि आम्हाला बांबूवरून काढले. सुईत काळा दोरा ओवला. "नाव सांगा लेकराचं."

"अजून व्हायचंय. पाचवा महिना आहे."

बायनाबाईचे हसू थांबले. जन्माआधी पाळण्याचे सामान कुणी घेत नाही. सत्यशीलाला ते ठाऊक होते. अशा समजुतींना तिचे उत्तर एकच असे: मुद्दाम तसे करून दाखवणे.

"मंग एक डोळा ऱ्हाऊ द्या," सुलाबाई हळूच म्हणाली. "फुडच्या जत्रंला लेकरू घिऊन या. तवा घालते."

अशी मी एका डोळ्याने पाथरीला आले.

विशाखा जन्मली, निरोगी. तिची आजी सरजाबाई मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याकडे संशयाने पाही. "आधी आनलेलं हाय ते. लेकराला नजर लागंल."

"आत्याबाई, आत्ताच वंदना केलीत ना? आणि लगेच नजर?"

"वंदना मनासाठी, तीट लेकरासाठी. धम्म घेतला म्हनून नजर लागायची ऱ्हाती का? तू तुझी साळा बघ, मास्तरीन."

दोघी हसत. विशाखा त्या हसण्याकडे बघत नसे. ती माझ्याकडे बघे, आणि माझ्या चांगल्या डोळ्याकडे नव्हे. जिथे डोळा नव्हता तिथे. माझे घुंगरू अधूनमधून वाजे. खिडकी उघडी असे, एवढे मी नोंदवते.

विशाखाला सात महिने भरत आले तेव्हा सत्यशीलाने आम्हाला धुवायला काढले. पिळताना तिच्या बोटांना माझ्या पोटात काहीतरी कठीण लागले. तिने ब्लेडने चार टाके उसवले. मनगटी हातावर घेतली आणि विशाखाच्या मनगटाजवळ नेली. घातली नाही. अगदी मापाची होती.

तिने ती परत आत ठेवली, माझे पोट शिवले आणि सासूला काहीच सांगितले नाही. जत्रा आली तशी विशाखाला कडेवर आणि मला पिशवीत घेऊन ती एसटीने राणीसावरगावला निघाली. मला परत करायचे, हे तिने ठरवले होते.

"हिच्या पोटातली मनगटी कुणाची, मावशी?"

"माझ्या कडूची. गेली ती. दुष्काळात."

"किती महिन्यांची होती?"

"आठवा चालू व्हता."

सत्यशीलाने विशाखाला झटक्यात दुसऱ्या खांद्यावर घेतले. "हिलाही आठवाच लागलाय. हे तुम्ही माझ्या लेकरावर टांगायला दिलंत?"

"तुमी असलं मानीत न्हाई म्हनूनच दिलं, बाई. मानणाऱ्या घरात एक दिस टिकलं नसतं." सुलाबाईचा आवाज चढला नाही. "कडू म्हनलं तरी नेलं. मरनाला चव कुठं कळती? तिचं कायतरी कुठंतरी पाळन्यावर हालत ऱ्हावं, येवढंच वाटलं. तुमाला नको असंल तर ठिवा हितं. पर माझ्याच्यानं आता ते घरात बघवायचं न्हाई. गंगेत सोडून दीन."

पिशवीतून मला अर्धे बाहेर काढलेले होते. सत्यशीलाने मला परत आत ढकलले.

"डोळा?" तिने विचारले.

"मी न्हाई घालीत आता." सुलाबाईने कडब्याच्या काडीला गुंडाळलेला काळा दोरा तिच्या हातात दिला. "लेकराला नववा लागू द्या. तुमीच घाला."

तो महिना मी विसरू शकत नाही. आपण दिवस मोजत नाही, असे सत्यशीला म्हणे. कॅलेंडरवर मात्र पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. विसाव्या रेघेला विशाखाला ताप भरला. अंगावर गोवर उठला. घुंगरू वाजले आणि सरजाबाई ताडकन उठली.

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

"ताप गोवराचा आहे, आत्याबाई."

"आन गोवर कुनाचा हाय?"

सत्यशीला स्टुलावर चढली. तिची बोटे माझ्या दोरीच्या गाठीवर आली. इतक्या जवळून मला तिचा श्वास लागत होता. गाठ अर्धी सुटली. मग तिने ती पुन्हा घट्ट केली, खाली उतरली, लेकराला चादरीत गुंडाळले आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली.

तीन दिवस पाळणा रिकामा होता. तिसऱ्या दुपारी सरजाबाईने माझे पोट चाचपले, आतली इवलीशी मनगटी बोटांनी ओळखली आणि माझ्याखाली बसली. रिकामा पाळणा हलवू नये, ही समजूत तिने आयुष्यभर सर्वांना शिकवली होती. दारात येणाऱ्या पोरांनाही ती दोरीला हात लावू देत नसे.

"बाई," ती मला म्हणाली, "तू जी कुनी हायस, लय लहान हायस. तुला कुनी झोकाच दिला न्हाई. हे घे. पर आमची पोरगी सोड."

आणि तिने रिकाम्या पाळण्याला झोका दिला. ऊन उतरेपर्यंत देत राहिली.

चौथ्या दिवशी विशाखा घरी आली, वाळलेली पण हसरी. औषधाने, असे सत्यशीला म्हणाली. सरजाबाईने मान वर करून माझ्याकडे पाहिले. नववा लागला त्या सकाळी सत्यशीलाने काडीवरचा दोरा सोडला. सासूने मला धरले.

"विशाखाचं नाव घे."

"विशाखाला तिचं नाव आहे, आत्याबाई." तिने टाका घातला, "कडू" म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

गोवरातून उठलेल्या लेकराला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद होत्या. मला दोरीला बांधून दोघींचे चारही हात खाली आले होते. मी हलले.

आता १९७९ आहे. विशाखा शाळेत जाते. पाळणा माळ्यावर आहे आणि आम्ही सात जणी कपाटामागच्या खिळ्याला. माझा रंग विटला. टाके शाबूत आहेत. तुम्ही जत्रेत कुणाच्या हातची वस्तू घ्याल तेव्हा शिवण जरूर तपासा. पण पोटात काही कठीण लागले तर फेकून देऊ नका. कुणाचे आहे, ते विचारा.

त्या जत्रेनंतर सुलाबाई कुणाला दिसलेली नाही. कपाटामागे वारा येत नाही, हात पोचत नाही. सत्यशीला कधी घुंगरू ऐकून वहीतून मान वर करते आणि पुन्हा खाली घालते. राणीसावरगावला कधी सुलाबाई भेटलीच, तर माझा तिला एवढा निरोप द्या: हालायलंय अजून.