पाठीवरचे मोठे सेंटिमीटर

मी जुना आहे, हे आधीच कबूल करतो. वाकडा मात्र नाही. मित्रांनो, मी सुताराचा गुण्या आहे. पातळ पोलादाचा. एक हात लांब, एक आखूड, मध्ये काटकोन. बाकीचे आपली गोष्ट सरळ सांगत जातात. मला ते जमत नाही, मला कोपऱ्यात वळावंच लागतं. तेव्हा माझी गोष्ट माझ्या अंगावरूनच वाचा.

लांब हात

नदीकाठच्या एका गावात, जिथे घरटी एक लोहारशाळा होती, तिथे मी घडलो. पट्टी रुळांतून दाबली, कापली, घासली, अंगावर आकडे कोरले. शेवटी एका बाईंनी मला दुसऱ्या, खात्रीच्या गुण्याला चिकटवून खिडकीसमोर धरलं. दोघांच्या मधून उजेडाची रेघ दिसते का, हे त्या पाहत होत्या. दिसली नाही. त्यांनी मला उजवीकडच्या ढिगात ठेवलं. डावीकडचा ढीग पुन्हा भट्टीत जायचा.

थांबा. पाठीबद्दल सांगायचं राहिलं, आणि ते नाही सांगितलं तर पुढचं काहीच कळणार नाही.

माझ्या पुढच्या अंगावर तुमच्या पट्टीवर असतात तसेच सेंटिमीटर आहेत. पाठीवरचे सेंटिमीटर मोठे आहेत. पाठीवरचे दहा म्हणजे पुढचे चौदा आणि वर थोडंसं. ही कारखान्याची चूक नाही. गोल ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर माझी पाठ बरोबर मधोमध आडवी धरा आणि काठाशी आलेला आकडा वाचा. त्या ओंडक्यातून निघणाऱ्या मोठ्यात मोठ्या चौकोनी खांबाची बाजू तेवढी. कागद नको, पेन्सिल नको. आकडेमोड कुणीतरी फार पूर्वी करून माझ्या पाठीवर ठेवलेली आहे.

मला विकत घेतलं इवाबुची तोकुझो मिस्त्रींनी. डोंगराखालच्या बर्फाळ गावात त्यांनी चाळीस वर्षं घरं उभी केली, आणि ती चाळीस वर्षं मी त्यांच्या कमरपट्ट्यात मागे खोचलेला होतो. देवदाराचे ओंडके उतरले की ते मला काढत, उलटा करत, ओंडक्यावर टेकवत आणि मोठ्याने आकडा सांगत. "एकवीस." "अठरा." "हा सतराचा, पण बुंध्याला कीड आहे." एकदा कापलं की लाकूड परत जोडता येत नाही, म्हणून त्यांच्या आवाजात घाई कधी नसे. कामावर कुणी मला ओलांडून गेलं तर त्याची खैर नसे; हत्याराला वळसा घालून जायचं, अशी तिथली रीत. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी ते सगळी हत्यारं तेलाच्या फडक्याने पुसून ओळीने मांडत, आणि आमच्यापुढे कुटलेल्या भाताचे दोन पांढरे गोळे एकावर एक ठेवत. त्या दिवशी मला वाटायचं, आपण घरातलेच कुणी आहोत.

ते दिवस आठवले की मला अजून देवदाराचा वास येतो. पोलादाला वास येत नाही, हे मला माहीत आहे.

त्यांचा मुलगा शुहेइ. गणितात हुशार. पंधराव्या वर्षी तो धावत कामावर आला आणि माझ्या पाठीवर बोट ठेवून म्हणाला, की बाबा, याला नाव आहे, याला दोनाचं वर्गमूळ म्हणतात. मिस्त्रींनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.

"नाव चांगलं आहे," ते म्हणाले. "पण ओंडका नाव विचारत नाही रे."

माणसं हसली. शुहेइ नाही हसला. त्या दिवसानंतर तो कामावर फारसा आला नाही. मोठा झाला, शिकला, गणिताचा शिक्षक झाला. बापाला हात माहीत होता, लेकाला नाव माहीत होतं, आणि दोघांच्या मध्ये मी.

कोपरा

मिस्त्री गेले. हत्यारं वाटली गेली. शुहेइने फक्त मला घेतलं.

पुढची अकरा वर्षं मी तांत्रिक शाळेच्या शिक्षकखोलीत, खालच्या कप्प्यात, जुन्या प्रश्नपत्रिकांवर वजन म्हणून पडून होतो. कुणी पुसलं नाही. कुणी ओलांडलंही नाही.

पाठ

त्या शाळेत सुतारकाम, वायरिंग, नळजोडणी, वेल्डिंग शिकवतात. मुलांचे हात चांगले असतात आणि गणिताच्या तासाला ते हात बाकाखाली असतात. इवाबुची सर, म्हणजे आपला शुहेइ, फळ्यावर नीट लिहायचे, नीट समजावायचे, आणि मुलं नीट झोपायची.

ओनोदेरा कोहारु झोपायची नाही, ही तिची अडचण होती. ती जागी राहून नापास व्हायची. बांधकाम शाखेच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. रंधा मारण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. लाकडाची सालपटं इतकी पातळ निघत की पलीकडचं दिसे. मिउरा नावाच्या मिस्त्रींनी तिला वसंतापासून कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. देवळांची दुरुस्ती करणारा माणूस, वर्षाला एकच शिकाऊ घेणारा. अट एकच: शाळेचा दाखला. आणि दाखल्याच्या आड गणित. दोनदा ती आपटली होती. फेब्रुवारीत शेवटची फेरपरीक्षा होती, चाळीस गुण हवे होते, आणि दहा दिवस उरले होते.

जुन्या प्रश्नपत्रिका सरावाला द्याव्यात म्हणून सरांनी तो खालचा कप्पा उघडला, आणि अकरा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. ओनोदेरा समोर उभी होती. तिने प्रश्नपत्रिकांकडे पाहिलंच नाही. मला उचललं, जाकिटाच्या बाहीने पुसलं आणि सवयीने उलटं केलं.

"सर, याच्या पाठीवरचे सेंटिमीटर मोठे का आहेत?"

"तुम्हाला कार्यशाळेत सांगितलं नाही?"

"तिथे सांगितलं, कोनवाशाला, म्हणजे छपराच्या कोपऱ्यातल्या तिरक्या वाशाला, हे वापरायचं. का, ते नाही सांगितलं. का ते गणिताचे सर सांगतील म्हणाले."

 सरांनी कोट चढवला. बर्फातून ती दोघं कार्यशाळेमागच्या लाकडाच्या शेडमध्ये गेली, मला घेऊन. सरांनी मला ओंडक्यावर टेकवलं. त्यांचा हात चुकला. मधोमध धरायच्या ऐवजी कडेला धरलं. ओनोदेराने न बोलता मला दोन बोटं सरकवलं. तेवढ्यानेच सरांचे कान लाल झाले. थंडीने असतील.

मग रोज शाळा सुटल्यावर वर्गातल्या रॉकेलच्या शेगडीपाशी त्यांची शिकवणी सुरू झाली. शेगडीवर किटली, मांडीवर वही, बाकावर मी. वर्गातला कुसाका, वायरिंगचा मुलगा, उगाच येऊन बसायचा. त्याचं म्हणणं, तो शेगडीसाठी येतो. तो तिचे भाताचे गोळे अर्धे खायचा आणि वर तिला ऐकवायचा, की तू देऊळ दुरुस्त करणार म्हणजे देवाला आधीच दुसरीकडे राहायला सांगायला हवं.

ओंडक्यावर ओनोदेरा कधी चुकायची नाही. कागदावर चुकायची. एकदा सरांनी विचारलं, ओंडक्याची रुंदी तीस, तर खांबाची बाजू किती. तिने वहीत भराभर गुणाकार केला आणि बेचाळीस लिहिलं.

"तीसच्या ओंडक्यातून बेचाळीसचा खांब," सर म्हणाले. "उरलेलं लाकूड कुठून आणलंस?"

कुसाका शेगडीवर पडता पडता वाचला. ओनोदेरा हसली नाही. ती वहीकडे पाहत राहिली, जणू वहीने तिला पहिल्यांदाच काही सांगितलं होतं. आकडा म्हणजे खांब, हे तिला तोवर कुणी म्हटलंच नव्हतं. तिला वाटायचं, आकडे वहीत राहतात आणि लाकूड शेडमध्ये. त्या दिवसापासून ती प्रत्येक उत्तर लिहिल्यावर डोळे मिटून ते हातात घेऊन बघायची.

आता अडचण ऐका.

परीक्षेच्या नियमात लिहिलं होतं: मोजपट्टी व कंपास आणता येईल. ओनोदेराने विचारलं, हा गुण्या मोजपट्टी म्हणून चालेल का. तो हातात असला की तिला सुचतं. कुसाका म्हणाला, पाठीवर उत्तरं लिहिलेली मोजपट्टी चालत असेल तर तोही शर्टाच्या पाठीवर लिहून येईल. चेष्टाच होती, पण ती शिक्षकखोलीपर्यंत पोहोचली. परीक्षा सुगावारा मॅडमच्या हातात होत्या. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याही त्या, तपासणाऱ्याही त्या. त्यांनी मला समोर धरलं, उलटं केलं आणि म्हणाल्या, "इवाबुची सर, मोजपट्टी चालेल. उत्तर चालणार नाही."

सरांना वाद घालता आला असता. हा बाजारात मिळणारा साधा गुण्या आहे, असं म्हणता आलं असतं. मला वाटलं होतं, ते म्हणतील. त्यांनी कार्यशाळेतून कागदी चिकटपट्टी आणली आणि माझ्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवली.

मित्रांनो, मला फार लागलं ते. पाठ झाकलेला गुण्या म्हणजे नुसती वळलेली पट्टी.

ओनोदेरालाही लागलं. "सर, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?"

"आहे. पण उद्या मिउरा मिस्त्री तुला 'का?' असं विचारतील, तेव्हा गुण्याच्या पाठीकडे बोट दाखवणार का?"

ती मला घेऊन निघून गेली. दार जरा जोरातच लावलं तिने.

आखूड हात

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या बाकावर होतो. म्हणून हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं सांगतो.

चौथा प्रश्न: चौरसाचा कर्ण छत्तीस सेंटिमीटर आहे, तर बाजू काढा. ओंडका नाही, खांब नाही, साल नाही, वास नाही. नुसता एक ओळीचा प्रश्न. तोवरच्या तीन प्रश्नांत मिळून तिला फार तर तीस गुण मिळाले असते, आणि पाचवा प्रश्न तिला वाचूनही कळला नव्हता. म्हणजे मिउरा मिस्त्री, देऊळ, वसंत, सगळं या एका ओळीत होतं.

तिने लिहिलं: छत्तीस गुणिले वर्गमूळ दोन.

आणि डोळे मिटले. मला तिच्या बोटांची हालचाल दिसली. ती काहीतरी दोन्ही हातांत धरू पाहत होती आणि ते मावत नव्हतं. डोळे उघडून तिने ती ओळ खोडली. आडवी, एकच रेघ, माझ्या काठाने.

मग तिने मला पुढचं अंग वर करून कागदावर ठेवलं, झाकलेल्या पाठीला हातही न लावता. दहाचा चौरस आखला. आखताना काटकोन मीच दिला, तेवढं काम माझ्याकडे उरलं होतं. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मला तिरका ठेवून मोजलं: चौदा आणि वर थोडंसं. ती थांबली. तिने पुन्हा मोजलं. माझ्या पाठीवर जे कोरलेलं होतं ते तिने स्वतःच्या हाताने कागदावर काढलं होतं, आणि ते तिला त्याच क्षणी कळलं, हे मी तिच्या श्वासावरून सांगू शकतो. पुढे तिने छत्तीसला वर्गमूळ दोनने भागलं. अठरा वर्गमूळ दोन. बाजूला लिहिलं, सुमारे साडेपंचवीस.

दुसऱ्या दिवशी सुगावारा मॅडमनी तिला बोलावलं आणि मलाही घेऊन यायला सांगितलं. इवाबुची सर खिडकीशी उभे होते, बर्फ पाहण्याचं निमित्त करून. उत्तरपत्रिका टेबलावर होती. मॅडमनी खोडलेल्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"हे का खोडलंस? कुणी खुणावलं?"

"नाही मॅडम. ओंडक्यापेक्षा खांब जाड होत होता."

"प्रश्नात ओंडका नाही."

"हो. मी ठेवला तिथे."

 मॅडमनी मला घेतलं, चिकटपट्टीचं एक टोक नखाने उचललं आणि हळूहळू सगळी सोलून काढली. मग उत्तरपत्रिकेवर ओनोदेराने काढलेल्या चौरसाच्या कर्णावर माझी पाठ ठेवली आणि वाचलं. बरोबर दहा. त्या बराच वेळ तो आकडा पाहत होत्या. तीस वर्षं गणित शिकवते आहे, म्हणाल्या, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मग त्यांनी त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मांडले. एकूण बेचाळीस झाले.

ओनोदेराने वाकून नमस्कार केला, आणि ती इतका वेळ वाकूनच राहिली की सरांना खिडकीकडून वळून तिला उभं राहा म्हणावं लागलं. 

दाखला मिळाला त्या दिवशी सरांनी मला तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं नाही. मिउरा मिस्त्रींकडे पहिल्या दिवशी स्वतःचा गुण्या घेऊन जायचं असतं, म्हणाली, आणि तो तिने घेतलासुद्धा आहे. मला थोडं वाईट वाटलं. पण खरं सांगतो, ती म्हणाली ते योग्यच होतं.

आता मी गणिताच्या वर्गात फळ्याशेजारी एका खिळ्यावर असतो. माझ्या पाठीवर चिकटपट्टीचा गोंद राहिला आहे, सहाच्या आणि सातच्या मध्ये. तो कुणी काढला नाही आणि मला तो काढायला नको आहे. मात्र बाकीचं अंग पुसलं तर आवडेल. कोपऱ्यावर मला आपटू नका. आपटलो तर लपवू नका, रेघ मारून, मला उलटा करून, त्याच जागी पुन्हा रेघ मारून पाहा. दोन रेघा एकच झाल्या तर मी अजून खरा आहे. नाही झाल्या तर मला राग येणार नाही, मला दुरुस्त करा.

आणि तुमच्या वर्गात कुणी जागं राहून नापास होत असेल, तर त्याला आणखी एक पान पाठ करायला देण्याआधी त्याच्या हातात काहीतरी मोजायला द्या. इवाबुची सर हल्ली तेच करतात. शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं आहे. आज पहिल्या तासाला त्यांनी चार मुलांकडून एक ओला ओंडका वर्गात आणवला. फरशीवर चिखल झाला, शिपाईकाका चिडले, सरांनी माफी मागितली आणि मग मला खिळ्यावरून काढून पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात दिलं.

त्याने मला चुकीच्या बाजूने धरलं आहे. सर काही सांगत नाहीत. वाट बघताहेत.