कुसगावची अंधारी

मागून पावलं जवळ आली तसा ताजुद्दीन वस्ताद जागच्या जागी फिरला आणि काठी सपकन सोडली. ती धुक्यातून गेली आणि करवंदीच्या जाळीत अडकली. जाळीवरचं पाणी तेवढं त्याच्या तोंडावर उडालं. मागे कोणी नव्हतं.

"आवं वस्ताद, कुनाला मारताय?"

तो दचकून वळला. वाटेच्या कडेला झुंबरबाई गवताचा भारा पायाशी टाकून उभी होती. रोज हेच गवत ती लोणावळ्याच्या तबेल्यांत घालायची, आणि रोज कुणीतरी भाऱ्याला हात लावावा म्हणून असंच उभं राहायची.

"कवाधरनं हाका मारतीया," ती म्हणाली. "हात लावा म्हनलं भाऱ्याला. तर तुमी माज्याकडं न बगताच निगाला, आन मंग एकदम फिरून जाळीलाच हानलं."

"माज्या मागं कोन व्हतं?"

"कोन आसनार? धुकं व्हतं."

त्याने भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. झुंबरबाईने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "चकवा लागला आसंल. धरनाच्या वाटंला हाय म्हनत्यात. नारळ फोडून टाका," असं म्हणून ती चालती झाली. चार पावलांवर धुक्याने तिला गिळलं, आणि ताजुद्दीनला खरी भीती वाटली ती तेव्हा. चकव्याची नव्हे. बाईने हाकांवर हाका मारल्या होत्या आणि त्यातली एकही त्याला ऐकू आली नव्हती. जी पावलं नव्हती ती मात्र त्याने स्पष्ट ऐकली होती.

ताजुद्दीन रेल्वेच्या चाकरीत होता. भुशीच्या धरणाच्या पायथ्याला एक दगडी खोली होती. तिथलं लोखंडी चाक फिरवलं की पाणी नळातून लोणावळ्याच्या इंजिनांना जाई. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं की त्या खोलीत माणूस शेजारी ओरडला तरी समजत नसे. उमेदीची सगळी वर्षं त्या आवाजात गेली आणि जाताना त्याचा डावा कान घेऊन गेली. आता उजवाही कुरकुर करू लागला होता. हे त्याच्या बायकोला, नजमाला, ठाऊक होतं. ती बोलायचं असेल तेव्हा गुपचूप उजव्या अंगाला येऊन बसायची. गावात कुणाला कळता कामा नये असं त्याने तिला बजावलं होतं, आणि तसंच कारण होतं.

कारण चाक फिरवण्यापुरतीच त्याची ओळख नव्हती. कुसगावच्या आखाड्याचा तो वस्ताद होता. मोहरमात ताबुतापुढे कुसगावचा आखाडा लाठी आणि पट्टा खेळायचा, आणि त्यात मुसलमानांची पोरं होती तशी कुणब्यांचीही होती. इथली लाठी कानाने खेळायची. मागे वळून पाहायचं नाही, पाहण्यात वेळ जातो. पाऊल ऐकायचं आणि त्या अंगाला काठी सोडायची. घाटातल्या वाटेवर चोर पाठीमागूनच येतो, म्हणून जुन्या लोकांनी ही विद्या बसवली होती. आणि मोहरमाच्या नवव्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, वस्तादाची परीक्षा व्हायची. तिला गावात अंधारी म्हणत.

अंधारीचा नियम साधा होता. वस्तादाच्या डोळ्यांवर हिरवा पटका बांधायचा. ताशे थांबवायचे. पट्टशिष्याने अनवाणी, हव्या त्या अंगाने यायचं आणि त्याच्या खांद्याला काठी टेकवायची. वस्तादाने ती अडवली तर वर्षभर आखाडा त्याचा. टेकली, तर पटका शिष्याचा. ताजुद्दीनने तो असाच आपल्या वस्तादाकडून, बद्रुद्दीनकडून, ऐन तरुणपणी घेतला होता आणि त्यानंतर कुणाला काठी टेकवू दिली नव्हती.

ते एकोणीसशे चोवीस साल होतं. मोहरम त्या वर्षी श्रावणात आला होता, आणि श्रावणात मावळात दिवसाढवळ्या समोरचा माणूस दिसत नाही.

पट्टशिष्य होता नथू, कुसगावच्याच रखमाजीचा मुलगा. इंजिनांच्या शेडमध्ये कामाला होता. हाताला चपळ, डोक्याने शांत. ताजुद्दीनचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता, म्हणूनच तर त्याचा राग अधिक येई. कारण नथूने वर्षभरापासून एक नवं खूळ घेतलं होतं. डिकॉस्टा नावाचा एक गोरापान ड्रायव्हर शेडमागच्या गोदामात साहेबांच्या मुलांना ठोसेबाजी शिकवायचा. त्या मुलांना सरावाला एक अंग लागे. नथू आधी नुसता मार खायला जाऊ लागला आणि मार खाता खाता शिकून बसला.

झुंबरबाई भेटली त्याच संध्याकाळी तो आखाड्यात ती विद्या पोरांना दाखवत होता. ताजुद्दीन येऊन उभा राहिला.

"काय शिकिवत्यात रं तितं?"

"दोरीवरनं उड्या मारायच्या, वस्ताद. दम वाढतो. आन मंग समोरच्याकडं बगायचं."

"दोरी पोरी खेळत्यात."

पोरं हसली. नथूही हसला. "समोर एकच गडी. घंटी वाजली का मारायचं, वाजली का थांबायचं."

"व्हय का? मंग घाटातला चोर घंटी घिऊन येतो वाटतं."

"तसं न्हाई. पन वस्ताद, शेडमदी काठी कोन घिऊन जातं? बाजारात कोन नेतं? मूठ आपली कायम हाताला आसती."

ताजुद्दीनने काठी पेलली. "ये मंग मुठी घिऊन."

नथूने दोन्ही मुठी हनुवटीजवळ घेतल्या. कुठल्या अंगाला झुकेल ते कळू न देता तो डोलत राहिला. ताजुद्दीनची काठी गेली ती त्याच्या डोक्यावरून, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नथू आत शिरला होता. त्याची मूठ वस्तादाच्या बरगडीला नुसती लागून थांबली. इतक्या जवळ आल्यावर काठीचा काही उपयोग उरला नव्हता.

"आता हितंच हुबा ऱ्हा," ताजुद्दीन म्हणाला. त्याने चौघा पोरांना खूण केली. चार बाजूंनी चार काठ्या आल्या. नथूने समोरच्याला चुकवलं, बाजूच्याला चुकवलं, आणि मागच्याची काठी त्याच्या पोटरीवर बसली. तो खाली बसून पोटरी चोळू लागला.

"फिटलं," नथू म्हणाला.

फिटलं खरं, पण पोरांची नजर कुठे गेली ते ताजुद्दीनने पाहिलं. घरी जाताना ती हवेत मुठी मारत गेली. नवव्या दिवशी नथूची काठी टेकली तर इथे ठोसेबाजीचं दुकान बसणार, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि काठी टेकणार होती, कारण त्याचा कान गेला होता. ऐन गावासमोर, मोहरमात बसवलेल्या पंजांसमोर, तो बहिरा ठरणार होता.

पावलं काही थांबेनात. तो थांबला की एक पाऊल उशिरा ती थांबत. सर्वांत वाईट म्हणजे त्या दगडी खोलीत, जिथे पाण्याखेरीज काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तिथेही ती येत. दाराशी येत, आत शिरत, त्याच्या डाव्या बाजूला उभी राहत. त्याने उजव्या कानावर हात दाबून पाहिला. पाणी बंद झालं. पावलं चालूच राहिली. मेलेल्या कानाने तो ती ऐकत होता.

"अवो, दर्ग्यात जाऊन या," त्याने पावलांचं सांगितलं तेव्हा नजमा म्हणाली. ती त्याच्या कपाळावर फुंकर घालत होती. "आन यंदा सांगून टाका गावाला. झालं वय. त्यात काय लाज?"

"बहिऱ्यानं पटका ठिवला म्हनतील इतकी वरसं."

"म्हनू द्या."

"तुला न्हाई कळायचं," तो म्हणाला, पण तिला सगळं कळत होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

नववा दिवस उजाडला तोच धुक्यात. दुपार कलली तरी आखाड्याभोवती जमलेल्या माणसांचे नुसते आकार दिसत होते. पंजे बसवले होते तिथला ऊद त्या ओल्या हवेत वर जाईना, जमिनीवरूनच पसरत होता. गेणू ताशेवाला ताशा शेकून तयार होता. आणि मग नथू आला तो शेडमधले नालाचे बूट घालून.

गेणू उठला. "नथ्या, बूट काढ. हितं पंजे बसल्यात."

"काढनार न्हाई."

"साहेबाकडं जाऊन माजला व्हय रं?" रखमाजी, त्याचा बापच, गर्दीतून ओरडला. "काढ म्हनतो ना."

नथू मान खाली घालून उभा राहिला. बूट काही त्याने काढले नाहीत. ताजुद्दीनने हाताने घडवलेला हा पोरगा बापजाद्यांच्या मातीवर नाल वाजवत उभा होता.

"आसू द्या," तो म्हणाला. "त्याला बुटांत यायचं तर बुटांत यील. बांदा पटका."

पटका बांधला. ताशा वाजला, वाढत गेला, आणि तुटला. मग इतकी शांतता झाली, की ताजुद्दीनला ती बहिरेपणाची का खरी हेही कळेना.

मग डाव्या अंगाला, पाठीमागे, ती आली. अनवाणी पावलं. चिखलात उमटणारी, हलकी. आधी चवडा, मग टाच. दोन छोटी, एक लांब. इतक्या दिवसांत त्याने ती भीतीने ऐकली होती, कान देऊन आज प्रथमच ऐकत होता. आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ही चाल त्याला पाठ होती. बद्रुद्दीन वस्तादाच्या मागे, याच मातीत, तो स्वतःच असा चालत गेला होता. चवडा, टाच, दोन छोटी, एक लांब. मागून येत होता तो ऐन तरुणपणीचा ताजुद्दीन.

आणि त्याच वेळी उजवीकडून बूट वाजले. धप्. थांबले. पुन्हा धप्.

मारायला येणारा माणूस असे पाय टाकत नाही. एकेक पाऊल आपटून, वेळ देऊन, अगदी उजव्या कानाच्या बाजूने ते येत होतं. पोराला ठाऊक होतं. बापाच्या शिव्या खाऊन, पंजांचा अपमान पत्करून त्याने बूट घातले होते ते वस्तादाला ऐकू जावं म्हणून. ताजुद्दीनला आधी संताप आला. मग संताप उरलाच नाही. पटक्याच्या आत त्याचे डोळे भरून आले.

आता नुसती काठी उजवीकडे सोडायची होती. खट् आवाज झाला असता, गावाने वाहवा केली असती आणि वर्ष सुखाचं गेलं असतं. मागची पावलं एका हातावर येऊन थांबली. मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. तो गरम नव्हता.

ताजुद्दीनने काठीचं टोक खाली मातीत टेकवलं.

बूट उजव्या अंगाला येऊन थांबले. मग अगदी कानाशी, दबक्या आवाजात, नथू म्हणाला, "वस्ताद, मारा की."

"टेकव."

"वस्ताद, तुमास्नी ऐकू आलं. मला म्हाईत हाय आलं म्हनून."

"आलं. म्हनूनच सांगतो. टेकव."

काठी त्याच्या खांद्याला लागली. ताजुद्दीनने पटका सोडला. मागे पाहायचा मोह त्याने आवरला आणि पटका नथूच्या मनगटाला बांधला.

"कवा कळलं तुला?"

"मागल्या म्हैन्यात. डाव्या अंगानं हाक मारली, तर तुमी वळला न्हाईत. तवाधरनं बगत व्हतो." नथूने नाक ओढलं. "तितं आधी बगायलाच शिकिवत्यात."

"मंग बरं शिकिवत्यात," ताजुद्दीन म्हणाला. "पोरांना बी शिकव. आता बूट काढ."

नथू खाली बसला. त्याच्या बोटांना नाड्या सापडेनात, तेव्हा रखमाजी पुढे आला आणि मुलाचे बूट त्याने स्वतःच्या हाताने काढले. गेणूने ताशावर टिपरी टाकली.

ताजुद्दीन थांबला नाही. संध्याकाळच्या गाड्यांना पाणी सोडायचं होतं. काठी त्याने आखाड्यातच पंजांपाशी टेकून ठेवली आणि मोकळ्या हाताने तो भुशीच्या वाटेला लागला. करवंदीच्या जाळीपर्यंत येतो तोच मागे पावलं सुरू झाली. आज ती घाईत होती.

तो फिरला नाही. वाटेच्या एका अंगाला सरकून उभा राहिला, थोरामोठ्याला किंवा ओझेवाल्याला वाट द्यावी तसा. पावलं त्याच्या बरोबरीला आली. जरा थबकली. मग चवडा, टाच, दोन छोटी, एक लांब, अशी ती त्याला मागे टाकून पुढे निघून गेली आणि वळणावरच्या धुक्यात विरत गेली. डाव्या कानात आता काहीही नव्हतं. ताजुद्दीनने त्या बाजूची टोपी नीट केली, आणि धरणाकडे चालू लागला.