रडणारी गाडी आणि बाबांची दक्षिण

दुबईत, अल मनखूलमध्ये, आमच्या इमारतीमागे गाड्या लावायला रेतीचं मोकळं मैदान होतं. नव्वदीतल्या एका जानेवारीत, शुक्रवारी सकाळी, तिथे पन्नासेक माणसं एका जुन्या फोर-बाय-फोरभोवती हात जोडून उभी होती. त्यांत मीही होतो. पाऊस आदल्या दिवशीच पडून गेला होता, आभाळ लख्ख होतं. तरी गाडीच्या आत, छतातल्या दिव्याजवळून, लाल थेंब ठिबकत होते. खाली, पुढच्या सीटवर, बारा वर्षांची पर्णिका अंग चोरून बसली होती. थेंब तिच्या पांढऱ्या फ्रॉकवर पडत होते.

"बाप रडतोय," प्रसन्ननाथबाबा डोळे मिटून म्हणाले. "आत्म्याची फ्रिक्वेन्सी मला क्लिअर मिळतेय."

गाडी पर्णिकेच्या वडिलांची, अरुणची. तो एप्रिलमध्ये अचानक गेला. त्याच गाडीतून फराळाच्या ऑर्डरी पोचवून त्याच्या बायकोनं, मनोरमावहिनींनी, घर सावरलं. दसऱ्याला दरवर्षी अरुण गाडीची पूजा करायचा. या दसऱ्याला ती वहिनींनी केली, आणि बाबांनी नेमकं तेच धरलं. विधवेनं कुंकवाला हात लावला, म्हणून अरुणला गती नाही, तो छतात अडकलाय आणि मुलीला मागतोय, असा निवाडा त्यांनी दिला. उपाय एकच: पर्णिकेनं भारतातल्या त्यांच्या मठात कायमचं राहायचं. गाडी अर्थातच मठाच्या दुबई सेवेत. बाबा व्हिजिट व्हिसावर आले होते, रविवारी परत निघणार होते. पर्णिकेचं तिकीटही त्याच विमानाचं होतं.

पुरावा त्यांनी तीनदा दाखवला होता, दर वेळी पाऊस पडून गेल्यावर. शिष्य गाडी दक्षिणेला, म्हणजे यमाच्या दिशेला तोंड करून लावायचा, मुलीला पुढे बसवायचा, बाबा मंत्र म्हणायचे, की थेंब सुरू. मुलीला उतरवून गाडी उलटी फिरवली की बंद.

मी देवभोळा माणूस. शुक्रवारच्या कीर्तनात तंबोऱ्याची साथ करतो. पण त्या सकाळी देवाचं नाव ओठांवर येईना, इतका मी घाबरलो होतो. काचेतून पर्णिकेनं मला विचारलं, "अंकल, इज पप्पा अँग्री विथ मी?"

तेवढ्यात सत्यभामाबाई आल्या. इंडियन स्कूलमध्ये त्या विज्ञान शिकवायच्या आणि कीर्तनात माझ्या शेजारी बसून झांज वाजवायच्या. त्यांनी ओली सीट पाहिली, गाडीभोवती एक फेरी मारली, मग घरून पाण्याचा जग मागवला.

"बाबा, तुमचे मंत्र चालू द्या," त्या म्हणाल्या. "आम्ही फक्त अदलाबदल करतो. आधी गाडी उलटी फिरवू आणि मुलगी आतच ठेवू."

बाबांचा आवाज चढला. या घरातून अजून एक प्रेत निघेल, म्हणाले. गर्दी चार पावलं मागे सरली. वहिनी दाराला धरून उभ्या राहिल्या, पण मुलीला उतरवलं नाही. गाडी फिरली. बाईंनी छतावर जग ओतला. आत एकही थेंब पडला नाही.

"आता बाबांच्या दक्षिणेला लावा. मुलगी खाली, दुसरं कुणीतरी आत."

कुणीच हलेना. मी बसलो. बाईंनी पुन्हा जग ओतला आणि लाल थेंब माझ्या झब्ब्यावर पडला. अरुणला माझ्याकडून काय हवं असणार? त्याची उसनी आणलेली शिडीसुद्धा मी केव्हाच परत केली होती.

"उतार," बाई म्हणाल्या. "गाडीचं नाक खाली गेलं की पाणी पुढे येतं. आणि बाबा, पलीकडे मशीद आहे. नमाजाची दिशा इथे पश्चिम, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्या हिशेबानं तुमची दक्षिण पूर्वेला भरते. तुमच्या शिष्यानं दिशा नाही, उतार शोधलाय."

लोकांनी मशिदीकडे पाहिलं, मग गाडीकडे. मागून कुणीतरी हसलं. शिष्य चपला शोधू लागला.

बाईंनी छतावरची सरकती काच उघडली. तिच्या चौकटीभोवती पाणी वाहून जायची पन्हळ असते आणि चारही कोपऱ्यांत भोकं. तिथून नळीवाटे पाणी चाकाजवळ बाहेर पडतं. मागची दोन भोकं मोकळी होती, पुढची दोन बुजलेली. म्हणून पावसाचं पाणी पन्हळीत साचून राहायचं आणि नाक खाली गेलं की दिव्याजवळून गळायचं. माझ्या खिशात तंबोऱ्याची जादा तार होती, ती मी हलक्या हातानं आत सारली. रेतीचा लगदा निघाला आणि त्यात फुगलेले, कुंकवानं माखलेले तांदळाचे दाणे.

अक्षता. दसऱ्याला पुढच्या दाराच्या पायरीवर चढून वहिनींनी ओंजळभर वाहिल्या होत्या. काच थोडी उघडी राहिली होती.

वहिनी खाली बसल्या. "म्हणजे माझ्याच हातानं झालं," त्या पुटपुटल्या.

"हो, तुझ्याच हातानं," सत्यभामाबाई शेजारी बसत म्हणाल्या. "सवाष्णीनं वाहिल्या असत्या तरी भोक बुजलंच असतं. पाण्याला बाईचं कपाळ दिसत नाही, मनोरमा."

वहिनी तेव्हा रडल्या. अरुण गेल्यानंतर पहिल्यांदाच इतक्या मोकळ्या. मग उठून त्यांनी पर्णिकेला कडकडून मिठी मारली. तिकीट त्या संध्याकाळी रद्द झालं. बाबा रविवारची वाट न पाहताच निघून गेले.

माझी देवावरची श्रद्धा कमी झालेली नाही. पण जो स्वतःला देवाचा माणूस म्हणवतो आणि आईच्या कुशीतून लेकरू काढून मागतो, त्याच्यासमोर हात जोडण्याआधी एक जग पाणी ओतून बघा, एवढंच माझं सांगणं. भीती वाटेल. मलाही वाटली. भीत भीत बघा, पण बघा.

पुढच्या दसऱ्याला वहिनींनीच पूजा केली, कुंकू लावून. काच घट्ट बंद होती. अक्षता वाहून झाल्यावर पर्णिकेनं काच उघडली, पन्हळीत तांब्याभर पाणी सोडलं आणि पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. रेतीवर टपटप ओला ठिपका उमटला.

"ममा," ती ओरडली, "इट्स कमिंग आऊट!"