टपावरचं बोचकं

‘ओझं उचलू बाई, आधी पायाला पुसून;
डोईला काय त्याचं, ती तर वरती बसून!’

लहानपणी दोघी बहिणी गाठोडी घेऊन आईच्या मागे चालत, तेव्हा आई हे गात असे. तो खडा आवाज धाकट्या बहिणीच्या, मुंगीच्या कानात आज अचानक घुमला. ती भलंमोठं बोचकं कवटाळून वजनकाट्यावर उभी होती, आणि बोचक्याआडून तिला आकडा दिसत नव्हता.

“ताई, वाच की.”

“तुझं वजन मी चारचौघांत मोठ्यानं वाचायची नाही.”

“चारचौघं कुठायत? एक मांजर आहे.”

“तिला तोंड आहे ना?”

मुंगी हसली तसं बोचकं घसरलं आणि आकडा दिसला. गोळ्या मोजून देणारी औषधवाली म्हणून सगळी गल्ली तिला मानायची. ताईसाठी ती अजून मुंगीच होती.

दारात गाडी उभी होती. टपावर नवाकोरा तंबू घडी होऊन बसला होता. गाडी उभी करायची, तंबू उघडायचा, शिडीनं वर चढून चांदण्यांखाली झोपायचं. तळ्याकाठी दोन रात्री, आणि तिथून परस्पर ताईला तिच्या मुलाकडे सोडायचं, असं ठरलं होतं. ताईचं वर्षच तसं वाटलेलं होतं: काही महिने मुलाकडे, काही लेकीकडे, आणि मधले चिमूटभर दिवस मुंगीकडे. दरवर्षी निरोपाच्या वेळी मुंगीच्या ओठांवर ‘राहा ना’ येई, आणि तोंडातून निघे, ‘पोचलीस की फोन कर.’ लेकरंबाळं असलेल्या बाईला आपल्या एकटीच्या घरात कुठल्या तोंडानं ठेवून घ्यायचं?

“सतरा,” स्वतःचं वजन वजा करून मुंगी म्हणाली. “गाडीच्या पुस्तकात टपावर पंचाहत्तर किलो लिहिलंय. तंबू, गादी, शिडी मिळून पंचावन्न. टपावरच्या आडव्या दांड्यांचे सहा. उरले चौदा. तुझं बोचकं तीन किलोनं जास्त.”

“तीन किलोनं काय आभाळ कोसळतंय?”

“वळणावर वरचं ओझं गाडीला ओढतं, ताई. ब्रेक लागला की पुढे झेपावतं.”

ताईनं टपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. पदर सावरत ती कुजबुजली, “मग आपण दोघी वर झोपणार कशा? मी एकटीच पंचाहत्तरला भारी आहे. तू हा आकडा पहिल्यांदा सांगितलास, तेव्हापासून आठवडाभर दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही मी.”

मुंगीला हसू आवरेना. “अगं वेडे! पंचाहत्तर ते गाडी पळताना. उभ्या गाडीला कितीतरी जास्त झेपतं. कंपनीला फोन करून विचारलंय मी, तंबूवाल्यालाही विचारलंय. दोघी खुशाल झोपू.”

“आठवडाभर उपाशी ठेवलंस मला!” ताईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग तंबूच्या पट्ट्यावरून हात फिरवत ती थांबली. “उभी राहिली की झेपतं. पळताना नाही. बघ की.”

मुंगीनं बोचक्याची गाठ सोडली. आईच्या हातची गोधडी उलगडली, आणि आतून काळंभोर शिलाई मशीन बाहेर आलं.

“तळ्याकाठी मशीन?”

“तंबू फाटला तर?”

“ताई.”

“बरं बाई. मुलाकडे न्यायचंय. तिथं ते माळ्यावरच पडतं, पण मला सोडवत नाही.”

“गाडीत जागा नाही. मागे तुझी ट्रंक आहे, पाण्याचे कॅन आहेत.”

“पायाशी घेते.”

“ब्रेक लागला तर पायांचा भुगा होईल.”

ताई मशीनच्या चाकावर बोट फिरवत राहिली. चाक हलकेच फिरलं, सुई वरखाली झाली. “मग राहू दे इथं. पुढच्या खेपेला नेईन,” ती म्हणाली, आणि घराकडे न बघता ट्रंकेचं कुलूप चाचपू लागली.

मुंगीनं गोधडी घडी करून टपावर चढवली. पट्टा आवळला, हलवून पाहिला. मग मशीन उचललं आणि आत गेली. समोरच्या खोलीतली खिडकी. ‘इथं उजेड किती छान येतो गं,’ असं ताई आल्यापासून रोज म्हणत होती. मुंगीनं खिडकीखालच्या टेबलावरच्या कुंड्या खाली उतरवल्या, मशीन मधोमध ठेवलं. तोंड बाहेर काढून हाक मारली,

“ताई, ती ट्रंक काढ गाडीतनं.”

“का गं? तीपण जड होतेय?”

“हो.” मुंगीनं खिडकीचा गज घट्ट धरला. “तळ्यावरून आपण इकडेच परत येऊ. दोघी. राहा माझ्याकडे, ताई. कायमची राहा.”